टॅब दाबल्यावर कमांड कोण पूर्ण करतं? सेटिंग न बदलता हे संगणकाला कसं विचारायचं?

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग ही शेजारची गावं आहेत. दोन्हीकडे खंडोबाचं देऊळ आहे, पण मूर्ती एकच. वर्षातला बराचसा काळ देव अणदूरला असतो आणि उरलेला काळ नळदुर्गला. देव नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. त्यामुळे 'देव सध्या कुठे आहे?' या प्रश्नाला एकच स्पष्ट उत्तर असतं. तो तिथे कोणत्या ठरावाने आहे, हेही सांगता येतं. आणि मुख्य म्हणजे, नुसतं विचारल्याने देव हलत नाही.

संगणकाच्या सेटिंग्जबद्दल मात्र एवढी खात्री देता येत नाही. काही कमांड अशा आहेत की विचारायला जावं आणि एखादं अक्षर चुकलं तर सेटिंगच बदलून बसावं. काही ठिकाणी उत्तर मिळतं, पण ते कुठून आलं ते कळत नाही. काही ठिकाणी तर उत्तर चक्क दिशाभूल करणारं असतं.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपण रोजच्या वापरातलं एक छोटं उदाहरण घेऊ: कमांड लिहिताना टॅब दाबल्यावर आपोआप पूर्ण होणारं नाव.

(या लेखात कमांडची नावं आणि पर्यायांची अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात.)

टॅब दाबल्यावर नेमकं काय होतं?

लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल उघडलं की समोर जो प्रोग्राम आपल्या कमांडची वाट पाहत असतो, त्याला शेल म्हणतात. बॅश, झेडशेल आणि फिश ही त्यातली माहितीतली नावं. बॅश हा ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला शेल १९८९ मध्ये आला. झेडशेल १९९० चा आणि फिश २००५ चा. ॲपलने २०१९ मध्ये मॅकवरचा मूळ शेल बॅशऐवजी झेडशेल केला.

फाइलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबलं की शेल उरलेलं नाव भरतो. यालाच कम्प्लीशन म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात टेनेक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती होती. तिथून ती टीसी-शेलमध्ये आली. त्या नावातला 'टी' हा टेनेक्सचाच.

सुरुवातीला हे काम मुख्यतः फाइल आणि कमांडच्या नावांपुरतं होतं. २००० मध्ये आलेल्या बॅशच्या २.०४ आवृत्तीपासून प्रत्येक कमांडसाठी वेगळा नियम लिहिता येऊ लागला. म्हणजे 'गिट' लिहून टॅब दाबलं तर गिटच्या उपकमांड दिसाव्यात, आणि दूरच्या सर्व्हरला जोडणाऱ्या कमांडपुढे टॅब दाबलं तर सर्व्हरची नावं दिसावीत. हे नियम म्हणजे छोटे प्रोग्रामच असतात. आपण टॅब दाबतो तेव्हा ते आपल्या नावाने, आपल्या अधिकाराने चालतात.

मग यात विचारण्यासारखं काय आहे?

बरंच काही. टॅब एकदा दाबून काहीच होत नाही आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर यादी येते, असं का? एका संगणकावर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक चालतो, दुसऱ्यावर चालत नाही, असं का? यादी मोठी असली की 'सगळी दाखवू का?' असा प्रश्न येतो, तो किती नावांनंतर? बॅशमध्ये हा आकडा मुळात १०० असतो आणि तो बदलताही येतो.

या सगळ्यांमागे सेटिंग्ज आहेत आणि त्या एका जागी नाहीत. बॅशचंच पाहा. कम्प्लीशन चालू आहे की बंद, ही गोष्ट 'शॉप्ट' या कमांडच्या हाती आहे. कोणत्या कमांडला कोणता नियम, हे 'कम्प्लीट'कडे आहे. टॅब कसं वागेल आणि यादी कशी दिसेल, हे 'रीडलाइन' नावाची लायब्ररी ठरवते आणि तिच्याशी बोलायला 'बाइंड' ही कमांड आहे. तीन खाती, तीन खिडक्या.

घरच्या लॅपटॉपवर हे गोंधळाचं वाटेल, इतकंच. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं मशीन पंचवीस जण वापरतात. कंपनीच्या सर्व्हरवर चार टीम काम करतात. तिथे 'काय आहे ते बघू' म्हणून दिलेल्या कमांडने काही बदललं, तर त्याचा त्रास दुसऱ्यालाच होतो.

पाहणं आणि पुसणं, यात अंतर किती?

बॅशमध्ये एका अक्षराचं. 'कम्प्लीट'ला 'पी' हा पर्याय दिला की लागू असलेले नियम छापले जातात. 'आर' दिला की नियम काढून टाकले जातात. 'आर'पुढे कमांडचं नाव दिलं तर तेवढ्या एका कमांडचा नियम जातो. नाव द्यायचं राहिलं तर सगळेच्या सगळे नियम जातात. 'खात्री आहे ना?' असं शेल विचारत नाही.

सुदैवाने हे नुकसान त्या उघड्या खिडकीपुरतं असतं. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं की नियम परत येतात. पण हीच रचना कायमच्या सेटिंगला लावली तर काय होईल, ते गिटकडे पाहिल्यावर कळतं.

गिट हे प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन आहे. त्याच्या 'कॉन्फिग' या कमांडला सेटिंगचं फक्त नाव दिलं की किंमत वाचून दाखवली जाते. नावापुढे आणखी एक शब्द दिला की ती किंमत लिहिली जाते, तीही थेट फाइलमध्ये. विचारणं आणि बदलणं यांत फरक एवढाच: एक शब्द की दोन. नवख्या माणसाने कुठून तरी कमांड चिकटवली आणि मागे एखादा शब्द राहून गेला, तर त्याने प्रश्न विचारलेला नसतो, आदेश दिलेला असतो.

गिटमध्ये फक्त वाचण्यासाठीचा 'गेट' पर्याय आधीपासून होता, पण तो वापरण्याची सक्ती नव्हती. अखेर २०२४ मध्ये आलेल्या २.४६ आवृत्तीत यादी, वाचणं, लिहिणं आणि काढून टाकणं यांसाठी चार स्वतंत्र उपकमांड आल्या: लिस्ट, गेट, सेट आणि अनसेट. जुनी पद्धत चालू राहिली, कारण जगभरातल्या असंख्य स्क्रिप्ट तिच्यावर चालतात. एकदा चुकीच्या आकारात बाहेर पडलेली कमांड नंतर सरळ करणं किती अवघड जातं, हे यातून दिसतं. म्हणूनच पर्याय ठरवताना सुरुवातीलाच विचार करावा लागतो.

चांगल्या उत्तरात काय काय असायला हवं?

वेगवेगळ्या शेलनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली की चार गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट: उत्तर माणसालाही वाचता यावं आणि संगणकालाही परत देता यावं. 'बाइंड'मध्ये याची सोय छान आहे. मोठा 'व्ही' दिला की 'अमुक सेटिंग अमुक किमतीवर आहे' असं वाक्य मिळतं. छोटा 'व्ही' दिला की तीच माहिती आज्ञेच्या रूपात मिळते. ती जशीच्या तशी फाइलमध्ये साठवली की दुसऱ्या संगणकावर तीच सेटिंग्ज लावता येतात. 'कम्प्लीट'चा 'पी' आणि झेडशेलमधल्या 'झेडस्टाइल'चा मोठा 'एल' हेच करतात. प्रश्नाचं उत्तर हीच सेटिंग्जची नक्कल होते. काही बदलण्याआधी ती काढून ठेवली की मागे फिरण्याची वाट मोकळी राहते.

दुसरी गोष्ट: 'बंद आहे' आणि 'कोणी ठरवलेलंच नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. सात-बाऱ्यावर एखादा रकाना कोरा असणं आणि तिथे 'निरंक' लिहिलेलं असणं यात जसा फरक आहे, तसाच. 'झेडस्टाइल'ला छोटा 'टी' देऊन विचारलं तर तीन प्रकारची उत्तरं मिळतात. 'हो' असेल तर शून्य, 'नाही' असेल तर एक, आणि सेटिंग ठरवलेलंच नसेल तर दोन. हे आकडे पडद्यावर दिसत नाहीत. कमांड संपताना ते मागे ठेवते आणि स्क्रिप्ट ते वाचते. बॅशच्या 'शॉप्ट'ला 'क्यू' दिला तर तोही असाच गुपचूप उत्तर देतो.

तिसरी गोष्ट: किंमत कुठून आली ते कळावं. सेटिंग संपूर्ण मशीनसाठी असेल, एका वापरकर्त्यासाठी असेल किंवा एका प्रकल्पापुरतं असेल. गिटने यासाठी आधी 'शो-ओरिजिन' आणला, तो फाइलचं नाव सांगतो. २०२० मध्ये 'शो-स्कोप' आला, तो कोणत्या पातळीवरचं सेटिंग आहे ते सांगतो. बॅश मात्र इथे कमी पडतो. 'कम्प्लीट -पी' नियमाचं नाव सांगतं, पण तो नियम कोणत्या फाइलमधून आला ते सांगत नाही. ते पाहायचं तर आधी 'एक्स्ट-डीबग' हे सेटिंग चालू करावं लागतं आणि मग दुसऱ्याच कमांडने विचारावं लागतं. म्हणजे एक सेटिंग पाहण्यासाठी दुसरं सेटिंग बदलायचं!

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: उत्तर आणि प्रत्यक्ष वागणूक जुळली पाहिजे. अनेक लिनक्स संगणकांवर बॅशचे कम्प्लीशन नियम लागतील तसे आणले जातात. शेकडो नियम सुरुवातीलाच वाचले तर टर्मिनल उघडायला वेळ लागेल, म्हणून ही व्यवस्था. पण त्यामुळे असं होतं की नव्या खिडकीत एखाद्या कमांडचा नियम विचारला तर 'असा नियम नाही' असं उत्तर येतं. त्याच कमांडपुढे टॅब दाबलं तर यादी हजर! आणि मग पुन्हा विचारलं तर नियमही सापडतो. शेल खोटं बोललेला नसतो. 'आत्ता माझ्या हातात नाही' एवढंच त्याला म्हणायचं असतं. पण विचारणारा 'नियमच नाही' असं समजून दुसरा नियम बसवायच्या मागे लागतो.

फिशने यावर वेगळा मार्ग काढला आहे. त्याच्या 'कम्प्लीट'ला मोठा 'सी' आणि अर्धवट लिहिलेली कमांड दिली, की तिथे टॅब दाबल्यावर जी नावं आली असती तीच तो छापून दाखवतो. नियम काय आहे, याऐवजी परिणाम काय होईल, हे विचारता येतं. सामान्य वापरकर्त्याला बहुतेक वेळा हेच हवं असतं.

मराठी नावाच्या फाइलचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका वळणावर येतो. समजा, एखाद्या शिक्षकाने 'दुसऱ्या सत्राचे गुण' अशा नावाची फाइल केली आहे. टर्मिनलमध्ये 'दुसऱ्या' एवढं लिहून टॅब दाबलं आणि काहीच झालं नाही. फाइल तर डोळ्यांसमोर आहे. मग बिघडलं कुठे?

शंका अर्थातच सेटिंगवर जाते. रीडलाइनमध्ये देवनागरीसारख्या लिपींशी संबंधित तीन सेटिंग्ज आहेत: इनपुट-मेटा, आउटपुट-मेटा आणि कन्व्हर्ट-मेटा. भाषेची मांडणी यूटीएफ-८ असेल तर पहिली दोन चालू आणि तिसरं बंद, असं रीडलाइन आपणहून ठरवते. 'बाइंड'च्या छोट्या 'व्ही'ने हे काही सेकंदांत तपासता येतं. इथे सगळं ठीक असेल तर दोष सेटिंगचा नाही.

मग तो बहुधा 'ऱ्या'चा असतो. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत. फाइल एका कीबोर्डवर तयार झाली असेल आणि आपण दुसऱ्या कीबोर्डवर लिहीत असू, तर शेलला ती नावं जुळलेली दिसत नाहीत. रीडलाइनमधलं लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सोडून देणारं सेटिंगही इथे कामाचं नाही, कारण देवनागरीत तो फरकच नाही.

अशा वेळी बॅशची 'कम्पजेन' ही कमांड मदतीला येते. तिला 'एफ' पर्याय आणि सुरुवातीची अक्षरं दिली की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलची नावं ती छापते. 'दुस' दिल्यावर फाइल दिसली आणि 'दुसऱ्या' दिल्यावर दिसली नाही, तर गाठ कुठे आहे ते कळलंच. यात काहीही बदललेलं नाही, फक्त विचारलं आहे.

हे साधन नसतं, तर माणसाने एकेक सेटिंग उलटसुलट करून पाहिलं असतं. प्रश्न सुटला नसता आणि आधी नीट चाललेल्या चार गोष्टी मात्र बिघडल्या असत्या.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठे येतो?

कम्प्लीशनचे नियम हे चालणारे प्रोग्राम आहेत, हे आपण वर पाहिलं. म्हणजे टॅब दाबणं हे निव्वळ पाहणं नाही, तिथे काहीतरी चालतं. शिवाय टॅबनंतर पडद्यावर काय छापलं जातं, यातही धोका असू शकतो. २०१७ मध्ये बिझीबॉक्स या साधनात अशी त्रुटी नोंदली गेली. राउटरसारख्या छोट्या उपकरणांत ते सर्रास असतं. टॅब दाबल्यावर फाइलची नावं दाखवताना त्याचा शेल ती नावं तपासून घेत नव्हता. नावात लपवलेली नियंत्रणचिन्हं थेट टर्मिनलकडे जात आणि टर्मिनल ती आज्ञा समजून पाळत असे.

झेडशेल या बाबतीत सावध आहे. कम्प्लीशन सुरू करतानाच तो नियमांचे फोल्डर तपासतो. एखाद्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर तो थांबून सूचना देतो. कोणते फोल्डर संशयास्पद आहेत ते पाहायला 'कम्पऑडिट' ही वेगळी कमांड आहे. ती फक्त यादी देते, कोणाचे अधिकार स्वतः बदलत नाही. काय करायचं ते ठरवणं माणसाकडे राहतं.

नवं साधन बनवणाऱ्याने काय लक्षात ठेवावं?

आज पुण्यातल्या कंपनीत काम करणारा इंजिनीअर असो की गावाकडून लॅपटॉपवर प्रकल्प करणारी विद्यार्थिनी, स्वतःची छोटी कमांड लिहिणारे खूप जण आहेत. त्यात कम्प्लीशनची सेटिंग्ज ठेवायची असतील, तर वरच्या उदाहरणांतून काही नियम सरळ निघतात.

• वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी वेगळे शब्द ठेवा. शब्द किती दिले यावर अर्थ बदलू देऊ नका.

• काहीच पर्याय दिला नाही तर कमांडने यादी दाखवावी. बदल कधीही गृहीत धरू नये.

• सगळं पुसणाऱ्या आज्ञेसाठी 'सगळं' हा शब्द लिहायला लावा. नाव राहून गेलं म्हणजे सगळं पुसा, असा अर्थ घेऊ नका.

• एका सेटिंगचं नाव देऊन विचारलं तर नुसती किंमत द्या. स्क्रिप्टला तेवढीच हवी असते.

• 'बंद' आणि 'ठरवलेलं नाही' यांची उत्तरं वेगळी ठेवा.

• किंमत कोणत्या फाइलमधून आली हे सांगणारा पर्याय पहिल्या दिवसापासून द्या.

• नियम अजून वाचलेला नसेल तर 'नाही' म्हणू नका, 'अजून आणलेला नाही' असं सांगा.

यातला एकही नियम अवघड नाही. तरी गिटसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाला वाचणं आणि लिहिणं यांची स्वच्छ फोड करायला २०२४ उजाडलं. कारण साधन बनवणाऱ्याचं लक्ष बहुधा सेटिंग लावण्यावर असतं. ते नंतर कुणी विचारेल, हे त्याच्या मनात उशिरा येतं. वापरणारा मात्र दहा वेळा विचारतो, तेव्हा कुठे एकदा बदलतो.

तुमच्या संगणकावर आज काय पाहता येईल?

बॅश असेल तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. 'शॉप्ट'पुढे 'प्रॉग-कॉम्प' लिहा, कम्प्लीशन चालू आहे की नाही ते कळेल. 'कम्प्लीट'ला 'पी' द्या, लागू असलेले नियम दिसतील. 'बाइंड'ला छोटा 'व्ही' द्या, टॅबच्या वागण्याची सगळी सेटिंग्ज समोर येतील. झेडशेल असेल तर 'झेडस्टाइल'ला मोठा 'एल' द्या.

यातली कोणतीही कमांड काही बदलत नाही. मिळालेली उत्तरं एका फाइलमध्ये ठेवा आणि त्यावर तारीख घाला. पुढे कधी टॅब वेगळं वागू लागलं, तर ही फाइल आणि त्या दिवशीची उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतील आणि नेमकं काय बदललं ते सापडेल.